खाड्याचे पैसे

२०२५ च्या जूनमध्ये, १५ ते २९ तारखेपर्यंत, अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात तेव्हा पेरणीची धांदल होती. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर उशिरा उघडतात, त्यामुळे माझ्या मैदानावर येणारी सात-आठ पोरं दिवसभर वावरात सरकी टोबत होती. अंधार पडला की देवळाच्या ओट्यावर जमायची आणि एकाच मोबाइलमध्ये सगळी डोकी घालून सामने पाहायची. मी त्यांच्यात बसायचो. बावीस वर्षं क्रीडाशिक्षकाची नोकरी केली, पण एखादा खेळ पोरांबरोबर मीही पहिल्यांदाच नीट पाहतोय, असं क्वचितच झालं होतं.

ही लीग मला आवडली, हे आधी सांगतो. सहा संघ, ३४ सामने, सामना १६ मिनिटांचा, चार-चार मिनिटांचे चार भाग. मैदानावर एका बाजूला सात जण. पोरांना नियम समजायला एक संध्याकाळ पुरली, कारण अर्धा खेळ त्यांच्या अंगात आधीच होता. चेंडू घेऊन येणाऱ्याला कमरेत किंवा मांडीत मिठी मारून खाली आणायचं, म्हणजे कबड्डीतली कंबरपकड. पकडीतून अंग सोडवून पुढे निसटायचं, म्हणजे चढाईच. फक्त चेंडू हातानं पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा, एवढं नवीन. फिजी, न्यूझीलंड, अर्जेंटिना, स्पेनचे गडी आपल्या पोरांच्या खांद्याला खांदा लावून पळताना दिसले. शेवटी चेन्नई बुल्स जिंकले. तेरा जणांच्या संघात भारतीय पाच, हे प्रमाण काहींना कमी वाटलं. मला पहिल्या हंगामापुरतं ते चालण्यासारखं वाटतं. चांगल्या खेळाडूंसोबत पळाल्याशिवाय पाय शिकत नाहीत.

अंतिम सामना संपला त्या रात्री आमच्यातल्या एका पोरानं विचारलं, “सर, याची निवड कोन्या महिन्यात होते?”

निवड कुठे होते, कशी होते, फी किती, हे त्यानं विचारलं नाही. महिना विचारला. कारण खेळता येईल की नाही हे त्याच्या बाबतीत महिन्यावर ठरतं. त्या प्रश्नाचं धड उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेव्हापासून मनात घोळतंय ते इथे मांडतो आहे.

आमच्याकडचं वर्ष असं असतं. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी लागते. ती उरकते न उरकते तोच सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, करून कापसाची वेचणी सुरू होते आणि ती माघापर्यंत, फरदड, म्हणजे कापसाचा दुसरा बहर, ठेवली तर त्याच्याही पुढे चालते. वर्षातला नगद पैसा येतो तो याच चार महिन्यांत. आणि शालेय स्पर्धांचं वेळापत्रक पाहा. तालुका ऑगस्ट-सप्टेंबरात, जिल्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात, विभाग ऑक्टोबर-नोव्हेंबरात, राज्य त्यानंतर. पोरगा जसजसा वर चढतो तसतसा तो सोंगणीच्या आणि वेचणीच्या ऐन मध्यावर येऊन उभा राहतो. तालुक्याला माझ्याकडून वीस पोरं जातात. विभागाला पाठवायची वेळ येते तेव्हा निवड झालेलीच पोरं घरी थांबतात.

खाडा हा शब्द आमच्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा. सालदाराचा हिशेब होतो तेव्हा खाडे मोजून पैसे कापतात. खेळाडूचे खाडे मात्र कुणीच मोजत नाही, ते त्याच्या घरातून परस्पर कापले जातात.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे बारावीतला एक मुलगा होता. चढाईला गेला की त्याचा घोटा धरणं मोठमोठ्या गड्यांना जमत नसे. दोन एकर कोरडवाहू, बाप दुसऱ्याच्या वावरात, आई आणि तो सोंगणीच्या टोळीत. जिल्ह्यातून निवड झाली आणि विभागाच्या स्पर्धेसाठी चार दिवस अमरावतीला जायचं ठरलं. तारीख नेमकी दसऱ्यानंतरची. आदल्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. आई चुलीपुढे होती. म्हणाली, “सर, टोळीनं एकराचा ठेका घेतला हाय. एक मानूस कमी झाला का थे लोक दुसरा पाह्यते. मंग दिवाळीलोक आमाले कोनी बलावत नाई.”

मी म्हटलं, पोराचं आयुष्य घडेल.

“घडन जी. पन दुकानदाराले दिवाळीच्या पहिले पैसे द्या लागते.”

तिच्या म्हणण्यातलं गणित मला घरी परतताना कळलं. चार दिवस गेले तर चार दिवसांचीच मजुरी बुडणार नव्हती, टोळीतली जागा जाणार होती आणि जागा गेली की हंगाम गेला. पोरगा अमरावतीला गेला नाही. आज तो चाकणकडे कंत्राटी कामाला आहे. दिवाळीला गावी आला की मैदानावर येतो, पोरांना पकडी दाखवतो. त्याच्याकडे पाहताना मला माझीच शरम वाटते, कारण त्या संध्याकाळी माझ्याकडे त्याच्या आईला द्यायला भाषण होतं, बाकी काही नव्हतं.

आमच्या पोरांत जिद्द नाही असं कुणी म्हणालं तर त्यानं पहाटे पाच वाजता आमच्या तालुक्याच्या रस्त्यावर येऊन उभं राहावं. पोलीस भरतीची पोरं डांबरीवर पळत असतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर, मग शेताच्या धुऱ्यावर गोळाफेक. थंडीत, कुत्री मागे लागत असताना, तीन-तीन वर्षं. ती पळतात कारण त्या धावण्याच्या टोकाला पगार आहे. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण हेही तसंच एक टोक आहे, आणि त्याच्या आशेनं पुष्कळ पोरं खेळतात. पण ते टोक राज्य-राष्ट्रीय पातळीच्या प्रमाणपत्रापलीकडे आहे, आणि तिथवर पोचायचा रस्ता सोंगणीतून जातो.

आता रग्बीचा स्वतःचा इतिहास सांगतो, कारण माझं म्हणणं त्यातच आहे. १८७८ साली कलकत्त्याचा एक रग्बी क्लब बंद पडला. बँकेत जे चांदीचे रुपये शिल्लक होते ते सभासदांनी वितळवून एक चषक घडवला, नागाच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला, आणि तो इंग्लंडच्या रग्बी युनियनला भेट दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून त्यासाठी खेळतात. त्या काळातली रग्बी ही अशा माणसांची होती, ज्यांचे रुपये शिल्लक राहत.

पण इंग्लंडच्याच उत्तरेला, यॉर्कशर आणि लँकेशरमध्ये, हाच खेळ खाणकामगार आणि गिरणीकामगार खेळत. लँकेशरच्या या गिरण्या आपल्याला परक्या नाहीत. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे त्यांना कापूस मिळेना, तेव्हा खामगाव-अमरावतीच्या बाजारातला वऱ्हाडी कापूस तिकडे गेला. तर त्या कामगारांची अडचण अशी होती की दूरच्या सामन्याला जायचं म्हणजे शनिवारची पाळी सोडायची, आणि पाळी सोडली की मजुरी बुडायची. त्यांनी मागितलं ते खेळण्याचं मानधन नव्हतं. मागितली ती बुडालेल्या पाळीची भरपाई. तिला ते ‘ब्रोकन टाइम’ म्हणत. आपल्या भाषेत खाड्याचे पैसे.

१८९३ च्या सप्टेंबरात लंडनच्या सभेत यॉर्कशरच्या प्रतिनिधींनी तसा ठराव मांडला. तो १३६ विरुद्ध २८२ मतांनी पडला. खेळ निखळ हौशी राहिला पाहिजे, पैसा आला की खेळ नासतो, असं ज्यांची मजुरी कधीच बुडत नव्हती त्यांचं म्हणणं पडलं. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ ला, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. १८९५-९६ च्या त्यांच्या पहिल्या हंगामात २२ क्लब होते, प्रत्येकाचे ४२ सामने झाले आणि ब्रॅडफर्डचा मॅनिंगहॅम संघ पहिला आला. खाड्याची रक्कम ठरली दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग. उघड मोबदल्याची परवानगी १८९८ साली आली, १५ चे १३ खेळाडू १९०६ साली झाले. आज ज्याला रग्बी लीग म्हणतात तो, अंधेरीतल्या सात जणांच्या रग्बीहून वेगळा, खेळ तो हाच. त्याची सुरुवात लिलावानं झाली नाही, हिशेबाच्या वहीतल्या एका रकान्यानं झाली. ज्या युनियननं तो ठराव पाडला तिच्या खेळातही शंभर वर्षांनी, १९९५ साली, आंतरराष्ट्रीय रग्बी बोर्डानं खेळाडूंना पैसे द्यायला मान्यता दिली.

ऑस्ट्रेलियातही तेच. १९०७ साली ॲलेक्स बर्डन नावाचा सिडनीचा खेळाडू खेळताना जायबंदी झाला. पेशानं तो न्हावी. हात चालेना म्हणजे पोट चालेना, आणि युनियननं भरपाई दिली नाही. त्या संतापातून न्यू साउथ वेल्सची रग्बी लीग उभी राहिली. १९०८ च्या तिच्या पहिल्या हंगामात नऊ क्लब उतरले आणि साउथ सिडनी जिंकले.

या दोन पहिल्या हंगामांशेजारी मी आपला २०२५ चा पहिला हंगाम ठेवून पाहतो. संघ होते, परदेशी प्रशिक्षक होते, दूरदर्शन संचावर आणि मोबाइलवर थेट प्रक्षेपण होतं. पण अंधेरीपासून तालुक्यापर्यंत खाली येणाऱ्या शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर जो पोरगा उभा आहे, त्याच्या खाड्याचा विचार मला कुठे दिसला नाही. हे रग्बीपुरतं नाही. २०१४ साली प्रो कबड्डी आली तेव्हाही हा विचार झाला नव्हता. पण कबड्डीला ते परवडलं. गावोगाव आखलेली मैदानं होती, गणेशोत्सवात आणि पोळ्याला रात्रीचे सामने व्हायचे, खेळाडू दिवसा काम करून रात्री खेळू शकत होता. कबड्डी कामाच्या वेळेभोवती वाढलेला खेळ आहे. रग्बीला ते मागचं अंगण नाही. शिबिराला जायचं तर जिल्ह्याबाहेर जायचं, चार-चार दिवस राहायचं. सिरोंच्याच्या पोराला नुसत्या जिल्ह्याच्या गावी, गडचिरोलीला, पोचायला सुमारे दोनशे किलोमीटर जायचं असतं. म्हणून खाड्याचा प्रश्न कबड्डीला एकदा टाळता आला, रग्बीला टाळता येणार नाही.

निवडलेल्या पोरांना शिबिराच्या दिवसांचा रोज, म्हणजे बुडालेली मजुरी, द्यावा असं मी बोललो की लोक मला तीन गोष्टी ऐकवतात.

शाळेतल्या पोरानं मजुरीला जायलाच नको, हे पहिलं. मान्य. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. मी सोळा ते तेवीस वर्षांच्या पोरांबद्दल बोलतोय. ती कॉलेजात नाव घालून सोंगणीला जातात, कारण कॉलेजची फी त्याच पैशातून भरायची असते.

दुसरं, रोज मिळतो म्हटल्यावर खेळ न येणारेही रांग लावतील. निवड आधी झाली आणि पैसे नंतर, शिबिरातल्या हजेरीवर दिले, तर असं होणार नाही. रोजगार हमीच्या कामावर हजेरीपट चालतो, इथेही चालेल. आणि समजा दहातले दोन जण रोजासाठीच आले. दोन दिवस ते अंगमेहनत करतील, पोटभर जेवतील. यात बिघडलं काय?

तिसरं म्हणणं जास्त वजनदार आहे. लीग हा खाजगी धंदा आहे, त्यानं आमच्या सोयाबीनची काळजी का करावी? उत्तर इतकंच की त्याला खेळाडू लागणार आहेत. दरवर्षी त्याच तीस-चाळीस भारतीय नावांची अदलाबदल करून लीग फार दिवस उभी राहत नाही. १८९५ च्या क्लबांनी सहा शिलिंग दयेपोटी दिले नाहीत. ते न देता शनिवारी संघ उभाच राहिला नसता.

जिथे खाड्याचा प्रश्न सुटला तिथे काय झालं, हे दूर जाऊन पाहायला नको. ओडिशा पाहा. भुवनेश्वरच्या कलिंगा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या निवासी शाळेतल्या आदिवासी मुलांनी २००७ साली लंडनमध्ये चौदा वर्षांखालची आंतरराष्ट्रीय शालेय रग्बी स्पर्धा जिंकली. तिथे झोपायचं, जेवायचं, शिकायचं आणि खेळायचं एकाच ठिकाणी. ओडिशाच्या जंगलातली पोरं मेळघाटच्या आणि एटापल्लीच्या पोरांपेक्षा जास्त काटक आहेत असं मी मानत नाही. त्यांचा खाडा पडत नव्हता, एवढाच फरक. बिहारनं वरच्या टोकाला ‘मेडल लाओ, नौकरी पाओ’ अशी योजना काढली आणि तिथल्या खेड्यांतल्या मुली रग्बीत देशाकडून खेळल्या. आपल्याकडेही एकदा हे घडलं आहे. ‘मिशन शौर्य’मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची मुलं निवडली, त्यांच्या खाण्यापिण्याची, प्रशिक्षणाची सगळी जबाबदारी सरकारनं घेतली, आणि २०१८ च्या मे महिन्यात त्यातले पाच जण एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले.

मुलींबद्दल थोडं वेगळं बोलावं लागेल. अंधेरीच्या पहिल्या हंगामात महिलांचा एकही संघ नव्हता. तो पुढे येईल अशी आशा धरतो, कारण माझ्याकडच्या मुली मुलांपेक्षा निडर पकड करतात. पण त्यांचा खाडा मोजणंच अवघड आहे. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, दिवसावर नाही. जी मुलगी स्वतः वेचायला जात नाही ती आई वेचायला गेली म्हणून घरी थांबते, धाकट्यांना सांभाळते, स्वयंपाक करते, पाणी भरते. ती शिबिराला गेली तर आईचा रोज पडतो. म्हणजे खेळते लेक आणि खाडा पडतो आईचा. भरपाईची योजना करणाऱ्यानं हे ध्यानात घेतलं नाही तर यादीत फक्त पोरांचीच नावं राहतील. मुलीच्या बाबतीत तिचं स्वतःचं काम आहे की नाही हे विचारूच नये, पैसे सरसकट द्यावेत.

खर्च किती येईल, याचा मी हिशेब मांडला आहे. विदर्भात ११ जिल्हे, १२० तालुके. प्रत्येक तालुक्यातून बारा मुलगे, बारा मुली निवडल्या आणि वर्षातले दहा दिवस त्यांना निवड चाचणी आणि शिबिराला बोलावलं. २०२५-२६ साठी रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. सोंगणीत मिळणारा रोज याहून जास्त असतो, पण सरकारनंच ठरवलेला आकडा म्हणून तोच धरतो. एका तालुक्याला ७४ हजार ८८० रुपये. सगळ्या विदर्भाला ८९ लाख ८५ हजार ६०० रुपये. जेवण, प्रवास आणि विमा वेगळा. विमा मात्र सोडू नये. अंगाला अंग भिडणारा खेळ आहे, खांदा निखळतो, डोक्याला मार बसतो, आणि बर्डनचा प्रश्न दारव्ह्यात किंवा धारणीत पुन्हा उभा राहायला वेळ लागणार नाही.

ही रक्कम एकट्या लीगनं द्यावी असं मी म्हणत नाही. रग्बी इंडिया ही राष्ट्रीय संघटना, लीग भरवणारी जीएमआर कंपनी आणि महाराष्ट्राचं क्रीडा खातं यांनी मिळून द्यावी. लीगमध्ये महाराष्ट्राचा संघ एकच, मुंबई ड्रीमर्स. त्या संघानं निम्मा वाटा उचलून विदर्भ आपला मानला तर आमच्या देवळाच्या ओट्यावरच्या पोरांना कुणाच्या बाजूनं ओरडायचं ते कळेल. त्या जूनमध्ये अर्धी चेन्नईच्या बाजूनं होती, अर्धी दिल्लीच्या. महाराष्ट्राच्या संघात आपलं कुणी आहे असं त्यांना वाटलंच नाही, याचं मला वाईट वाटलं.

आणि एक गोष्ट अशी आहे, जिला पैसाही लागत नाही. तारखा बदला. विदर्भातल्या निवड चाचण्या माघ ते चैत्र, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, सकाळच्या वेळी घ्या. तेव्हा वेचणी आटोपलेली असते, काळी जमीन ना चिखलाची असते ना अजून पुरती भेगाळलेली, ऊन सोसण्यासारखं असतं. लीग जूनमध्ये असेल तर निवडलेल्या पोरांना दोन महिने तयारीलाही मिळतात. परीक्षांची अडचण येईल, ती दोन आठवडे इकडेतिकडे करून सोडवता येते. सोयाबीन मात्र थांबत नाही, शेंग वाळली की आठ दिवसांत तडकते.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये माझ्याकडच्या सहा जणांना चार दिवसांच्या रग्बी शिबिराचं बोलावणं आलं. सोंगणी लागलेली. मी आणि गावातल्या पाच-सहा जणांनी वर्गणी केली. सहा जण, चार दिवस, ३१२ रुपये. सात हजार चारशे अठ्ठ्याऐंशी. शिबिराहून परतल्यावर घरोघरी जाऊन पैसे दिले, वहीत सह्या घेतल्या. एका घरी आईनं नोटा मोजल्या, आत गेली आणि एकशे छपन्न रुपये आणून माझ्या हातावर ठेवले.

“चौथ्या दिवशी दुपारूनच आला होता जी थो. सांजलोक वावरात होता. अर्धा रोज भेटला त्याले.”

मी तेवढे वहीत जमा केले.